दोष स्थळाचा की स्थितीचा? : प्लेगविषयक एका निबंधाचा परामर्श

साथीचा रोग शहरावर सारखा पसरत नाही. काही आळ्यांना तो केवळ स्पर्शून जातो, तर काही वस्त्यांत मुक्कामच ठोकतो. हे सर्वांनाच दिसते. वाद आहे तो त्यातून काढावयाच्या निष्कर्षाविषयी. रोग तेथे साचतो याचे कारण त्या जागेत शोधावे, तेथील माणसांत शोधावे, की त्या माणसांना त्या जागी आणून ठेवणाऱ्या व्यवस्थेत? या दृष्टीने प्रशांत किदंबी यांचा १८९६ ते १९०५ या काळातील मुंबईच्या प्लेगवरील निबंध विचारात घेण्याजोगा आहे. तो 'अर्बन हिस्टरी' या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाला.

वसाहतकालीन प्लेगच्या इतिहासात रोग्याच्या देहावर सरकारने केलेल्या आक्रमणाचीच चर्चा प्रामुख्याने होत आली आहे. किदंबी यांनी देहाकडून स्थळाकडे लक्ष वळविले. येर्सिन यांनी प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तथापि मुंबईच्या आरोग्याधिकाऱ्यांची श्रद्धा जुन्या मतावरच होती. घाण, दमटपणा व कोंदट हवा यांतून रोग उपजतो, आणि ही सारी गरिबांच्या चाळींत वसतात, असे ते मत होते. म्हणून घरे धुवून काढणे, चुन्याने सारवणे, छपरे उघडणे हे उपाय सुचले आणि १८९८ साली मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वैद्यकीय मत आणि वर्गीय ग्रह यांची ही गुंफण उलगडून दाखविणे, हे या निबंधाचे मोठे यश होय.

परंतु निबंधाचा मुख्य रोख धारणांच्या इतिहासावर असल्यामुळे एक प्रश्न अधिक ताणून पाहणे आवश्यक आहे. अधिकाऱ्यांची उपपत्ती चुकीची होती. म्हणून त्यांना दिसलेले रोगाचे केंद्रीकरणही खोटे होते काय? तसे म्हणता येत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींनी गजबजलेली वस्ती. वखारींबरोबर उंदीर आले, उंदरांबरोबर पिसवा. पिसवांद्वारे प्लेग पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ साली मांडले व पुढील दशकात ते मान्य झाले. म्हणजे नकाशा खरा होता. त्याचे वाचन चुकले. कारण शोधावयाचे होते व्यापाराच्या व साठवणीच्या रचनेत. ते लादले गेले राहणाराच्या अस्वच्छतेवर. हा भेद न केल्यास वसाहतकालीन ग्रहावर टीका करता करता रोगाच्या विषम वाटणीचे वास्तवच आपण दृष्टीआड करू.

ते वास्तव किती कठोर असते याची साक्ष १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दिली. त्या साथीत मुंबई शहरातील मृत्यूंचे दरहजारी प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.० व मुसलमानांत १९.२ होते. तत्कालीन नोंदीने ज्यांना 'खालच्या जातींचे हिंदू' म्हटले त्यांच्यात ते ६१.६ होते, तर इतर हिंदूंत १८.९. हा रोग गटारातून उपजत नाही. तो श्वासावाटे पसरतो. तेव्हा येथे घाणीची उपपत्ती लंगडी पडते आणि दाटी, उपासमार, शुश्रूषेचा अभाव ही कारणे पुढे येतात. मात्र हे आकडे समाजवार आहेत, वस्तीवार नाहीत. त्यांवरून यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या रक्तद्रव्य-पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे आढळली. तीनच प्रभाग, एकच नगर. पण दोन भिन्न जगे. सामाईक शौचालयापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्याला अंतर राखण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीचा दोष त्याच्या माथी मारणे होय.

आपल्या नगरातील अभ्यासकांना यापासून काय घेता येईल? मलिक अंबराने सतराव्या शतकात येथे नहर आणली, तेव्हाच पाण्याचे वाटप हा या नगराच्या रचनेचा एक आधार ठरला. आपल्या काळात नाथसागरासारखा विशाल जलाशय जवळ असूनही नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव नगराने दीर्घकाळ घेतला आहे. ज्याच्या घरी मोठी टाकी आहे त्याला ते अंतर केवळ गैरसोयीचे असते. ज्याच्या घरी चार हंडे आहेत त्याला ते रोगाचे निमंत्रण ठरते. म्हणून हगवण वा कावीळ यांच्या रुग्णांचे ठिपके नकाशावर मांडताना त्याच नकाशावर पाणी किती दिवसांनी येते, एका खोलीत माणसे किती राहतात व शौचालय किती घरांत मिळून एक आहे, हेही मांडले पाहिजे. शिवाय वस्तीच्या सरासरीवरून तेथील प्रत्येक व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे.

किदंबी यांनी नकाशा काढणाऱ्याची दृष्टी तपासली. हे काम मोलाचे आहे. नकाशात सापडलेल्यांची स्थिती तपासणे हे त्यापुढील काम होय. तेवढे न करता एखाद्या वस्तीला 'रोगाचे आगर' म्हणणारा आजचा अभ्यासक त्या चुन्याची बादली घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याहून फार दूर नाही.