चौदा आकड्यांचा बैल

जळगावहून धुळ्याला बहिणीकडे गेलो की पाच वर्षांची भाची चपला काढायच्या आत हाताला धरून संगणकापुढे नेते. ‘क’ला काना कुठल्या बाजूला, हे अजून तिचं नक्की नाही, पण बैलाचं शिंग हिरवं असतं, हे अगदी नक्की आहे. ‘‘मामा, हाऊ मना बैल शे.’’

बैल काढलाय टक्स पेंटमध्ये. बिल केंड्रिक यांनी २००२ साली लहान मुलांसाठी हा प्रोग्राम केला. फुकट मिळतो, मराठीतही चालतो. त्यातल्या जादूच्या ब्रशांचं आणि शिक्क्यांचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र भुललो तो सेव्ह, ओपन आणि प्रिंट या तीन रूक्ष बटणांवर.

सेव्ह दाबलं की चित्र ठेवलं जातं. बस्स. आपल्या कचेरीतले प्रोग्राम आधी नाव विचारतात, मग कुठे ठेवू, मग कुठल्या प्रकारात; खिडकीमागच्या कारकुनासारखे. लिहिता येत नाही म्हणून चित्र ठेवता येऊ नये, हे इथे मान्यच नाही. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. गाणी उतरवून घेतली ती मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने. त्यांनीही आधी शीर्षक मागितलं नसावं.

चित्रात बदल करून पुन्हा सेव्ह दाबलं, तर मात्र हा प्रोग्राम एकच गोष्ट विचारतो: जुन्याच्या जागी ठेवू, की नवं म्हणून? जिथे खरंच काहीतरी पुसलं जाणार, नेमका तिथेच तोंड उघडतो. बैलावर झूल चढवल्यावर भाची या प्रश्नाशी अडली होती, असं बहीण सांगते. माउसवर बोट ठेवून बराच वेळ बसली, आणि मग दोन्ही बैल ठेवले.

ओपनमध्येही नावं नाहीत, नुसती छोटी छोटी चित्रं. चित्रावरूनच चित्र ओळखायचं. यात मोठ्यांची पंचाईत होते. एका कुत्र्याचे सात अवतार ओळीने दिसतात, त्यातला शेपटीवाला हुडकायला डोळे फिरवत बसावं लागतं. तिला लागत नाही, म्हणून ही तक्रार मी अर्धीच धरतो. आणि एक गोष्ट तर फारच लोभस: प्रोग्राम पुन्हा सुरू केला की शेवटचं चित्र आपोआप समोर येतं. पाटी कुणी पुसलेली नसते.

उणीव आहे ती दुसरीच. बंद करताना तो ‘ठेवू का?’ असं आठवणीने विचारतो. पण आमच्याकडची वीज विचारून जात नाही. सेव्ह न केलेला एक अख्खा मोर तसा गेला.

नावं अगदीच नसतात असं नाही. चित्रांचा फोल्डर उघडून पाहिला, तर प्रत्येकाला चौदा आकडे: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं, सेकंद. बिनझुलीचा बैल २०२४०९०२१९१५४२. म्हणजे २ सप्टेंबर, पोळ्याची संध्याकाळ, सव्वासात. झुलीचा २०२४०९०२१९३१०८. सजायला पंधरा-सोळा मिनिटं लागली. गल्लीतल्या खऱ्या बैलांना सकाळपासून सजवत होते.

प्रिंटचं बटण आईबापांच्या बाजूचं. दोन प्रिंटांमध्ये किती सेकंद जाऊ द्यायचे, हे आधी ठरवून ठेवता येतं. त्याआधी दाबलं तर प्रोग्राममधला पेंग्विन ‘अजून नाही’ म्हणतो. कागद-शाई दाजींच्या खिशातून जाते, त्यांनी ३०० सेकंद ठेवलेत. पाच वर्षांच्या जिवाला पाच मिनिटं म्हणजे केवढी!

मी गेलो त्या दिवशीही एका वेळी एकच प्रिंट मिळणार होती. तिने झुलीचा बैल सोडून उघडा बैल निवडला. प्रिंटरमधली रंगीत शाई संपलेली, त्यामुळे हिरवं शिंग करडं आलं. मला वाटलं, आता रडणार. तिने कागद उचलला, खडूंचा डबा ओढला आणि जमिनीवर पालथी पडून झूल रंगवायला घेतली. या वेळी लाल.