ब्रेकर भाडेकरूचा, वायर घरमालकाची?

भाड्याचं घर बघायला गेलात की तुम्ही काय बघता? पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, डिपॉझिट किती. दारामागची एमसीबीची पेटी उघडून बघणारे फार थोडे. आज त्या पेटीबद्दल, आणि कायद्याच्या एका मसुद्याबद्दल.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्ट राज्यांपुढे ठेवला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी आहे: आतलं-बाहेरचं वायरिंग घरमालकाकडे; गीझर, स्विच, सॉकेट आणि सर्किट ब्रेकर भाडेकरूकडे. वाचायला सरळ वाटते, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही वाटणी टिकत नाही.

ब्रेकर हा वायरिंगचाच भाग. वायर किती जाड आहे त्यावरून एमसीबी किती अँपिअरचा लावायचा ते ठरतं. १६ चा सारखा पडतो म्हणून भाडेकरूने ३२ चा बसवला, तर कागदावर दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात आता वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल.

दुसरी गोष्ट शॉकची. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर वाहील. एवढा प्रवाह जीव घेऊ शकतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहांची तुलना करतो आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की वीज तोडतो. घरात तो मुळात नसेलच तर? दुरुस्तीच्या यादीत या प्रश्नाला उत्तर नाही.

इंग्लंडच्या २०२० च्या नियमांचा भर तपासणीवर आहे. खासगी भाड्याच्या घराचं वायरिंग किमान दर ५ वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचं, अहवाल भाडेकरूला २८ दिवसांत द्यायचा. ही जबाबदारी घरमालकाची.

आपल्याकडचा करार बहुतेकदा ११ महिन्यांचा. तेवढ्यासाठी आलेल्या माणसाने भिंतीतली वायर ओळखावी, ही अपेक्षाच चुकीची. ब्रेकर घरमालकाच्या यादीत हवा, आणि नव्या भाडेकरूला चावी देण्याआधी अर्थिंग आणि आरसीसीबीची तपासणी सक्तीची हवी, असं माझं मत.

तोवर एवढं करा: वीज चालू असताना आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण दाबा. तो पडला नाही तर लगेच बदलून मागा. पडला तरी अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थिंग तपासतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनच बोलवा.