‘चाकाची खुर्ची’ आणि आमचे उंबरठे

आत्मचरित्र वाचतांना चरित्रनायकाच्या मनोधैर्याकडे आपली दृष्टि प्रथम जाते आणि पुष्कळदां तेथेंच खिळून राहते. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्राचें असेंच झालें आहे. ऐन तारुण्याच्या आरंभीं कमरेखालीं शरीर लुळें पडलेल्या कोल्हापूरच्या या बाई, स्वतः चाकाच्या खुर्चींतून वावरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या उदाहरणानें सावरल्या; शिकल्या; सरकारी नोकरींत स्थिरावल्या; आणि १९८४ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. या जिद्दीचें कौतुक करून, डोळे पुसून वाचक पुस्तक कपाटांत ठेवतो. हें वाचन आम्हांस अपुरें वाटतें. इतकेंच नव्हे, तर लेखिकेवर अन्याय करणारें वाटतें.

ग्रंथाचें नांवच पाहा. तें कोणत्याहि सद्गुणाचें नाहीं, एका साध्या वस्तूचें आहे. खुर्ची चालावयाची तर तिला सपाट जमीन, सुमारें तीन फूट रुंद दार आणि वळावयास पांच फुटांची मोकळी जागा लागते. मनोधैर्य कितीहि असो, संडासाच्या दोन फुटी दारांतून खुर्ची आंत जात नाहीं. तेव्हां लेखिकेच्या धैर्याची थोरवी गातांना, तें धैर्य खर्चावें लागलें कशापायीं, हाहि प्रश्न परीक्षकानें विचारलाच पाहिजे.

आमच्या तिरोड्याकडचें जुनें घर घ्या. धानाचा मुलूख, पाऊस दांडगा. म्हणून जोतें उंच. पुढें कठड्यावांचून दोन-तीन पायऱ्या, मग छपरी, मग उंच उंबरठा, आणि न्हाणीघर मागच्या सांदवाडींत. नव्या सिमेंटच्या घरांत गुळगुळीत फरशी आली, पण पायऱ्या गेल्या नाहींत. अशा घरांत पाय अधू झालेला माणूस छपरींत बसून राहतो. दिवाळीनंतरच्या मंडईला घरचीं सारीं माणसें जातात आणि हा राखणीस उरतो. त्याला कोणी हांकललेलें नसतें; जोत्यानेंच तें काम केलेलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मूठभरांसाठीं घरें कोणीं बदलावीं? परंतु २०११ च्या जनगणनेंत हालचालीचें अपंगत्व असलेले सुमारें ५४ लक्ष लोक नोंदले गेले. शिवाय वार्धक्य कोणाच्या घरीं येत नाहीं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें लक्षणीय अपंगत्व असणाऱ्यांसाठीं गृहयोजनांत पांच टक्के वांटा राखला. ग्रामीण घरकुलाचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या जागेंतहि आरंभींच आंखणी केली तर खुर्चीस वाव ठेवतां येतो. उताराला मात्र लांबी लागते : एका फुटाच्या चढाला बारा फूट. दोन फुटी जोत्यापुढें चोवीस फुटांचा उतार मागाहून बसवावयास अंगण पुरत नाहीं. म्हणून हा विचार पाया खणण्यापूर्वींच व्हावयास हवा.

नसीमाबाईंच्या संस्थेचें ‘घरौंदा’ हें वसतिगृह, किंवा आमच्या विदर्भांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं वसविलेलें आनंदवन, यांकडे बोट दाखवून समाज निश्चिंत होतो, हें आम्हांस विशेष खटकतें. समाजानें दूर लोटलेल्या माणसाला अशा वसाहतींनीं काम, सोबत व स्वाभिमान दिला. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्या आमच्या कर्तव्याची पावती नव्हेत. तेथें जें शक्य झालें तें गल्लींतल्या घरीं, शाळेंत, ग्रामपंचायतींत आणि देवळांत कां शक्य नाहीं, असें त्या आम्हांस विचारीत आहेत. अपंगांना निराळें गांव मिळावें ही दया झाली. स्वतःच्याच गांवांत शेजाऱ्याच्या घरीं चहाला जातां यावें, हा न्याय.

अश्रूंनीं या ग्रंथाचें मोल होणार नाहीं. वाचकानें तो मिटल्यावर फूटपट्टी घेऊन आपल्या दाराची रुंदी आणि उंबरठ्याची उंची मोजावी. लेखिकेचा याहून उचित सत्कार आम्हांस सुचत नाहीं.