ध्वनिमुद्रणाचे विद्यापीठीय शिक्षण : यंत्रविद्या की श्रवणविद्या?

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर पदवी स्तरावर कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना श्रेयांकांच्या चौकटीत स्थान मिळाले. त्यामुळे ध्वनिमुद्रण, ध्वनिसंस्करण आणि संगीत-तंत्रज्ञान हे विषय महाविद्यालयीन शिक्षणाच्या कक्षेत येऊ लागले आहेत. ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र एखादा विषय अभ्यासक्रमात येणे आणि त्या विषयाला विद्याशाखेची प्रतिष्ठा लाभणे या दोन भिन्न गोष्टी होत. ध्वनिमुद्रण हा विषय कोणत्या विभागाने शिकवावा, कोणत्या अर्हतेच्या विद्यार्थ्याला शिकवावा आणि त्याची परीक्षा कशाची घ्यावी, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. चर्चेअभावी उत्तरे यंत्रेच देऊन टाकतात : संगणकावर जी प्रणाली उपलब्ध असेल, तिची ओळख करून देणे हाच अभ्यासक्रम ठरतो.

ध्वनिमुद्रण ही मूलतः श्रवणनिर्णयांची विद्या आहे आणि विद्यापीठीय शिक्षणात यंत्राचे स्थान या निर्णयांनंतर येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम या विषयाच्या विद्यापीठीय परंपरेचा थोडक्यात परामर्श घेतला आहे, त्यानंतर प्रचलित साधनांत दडलेल्या सांगीतिक गृहीतकांची चिकित्सा केली आहे आणि शेवटी अभ्यासक्रमाविषयी काही सूचना मांडल्या आहेत.

१. टोनमाइस्टर : एका शिक्षणकल्पनेचा उगम

ध्वनिमुद्रकाला विद्यापीठात शिक्षण द्यावे, ही मागणी प्रथम ठामपणे करणाऱ्यांत एका संगीतरचनाकाराची गणना होते, ही बाब लक्षणीय आहे. आर्नोल्ड श्योनबर्ग यांनी १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठाचे कुलपती रॉबर्ट हचिन्स यांना लिहिलेल्या पत्रात ध्वनिमुद्रकांच्या शिक्षणाची योजना सुचविली होती. संगीत, ध्वनिशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे शिक्षण एकाच व्यक्तीला मिळावे, असा तिचा आशय होता. संगीतलिपी वाचून जो ध्वनी मनात उमटतो, त्याच्याशी यंत्रातून ऐकू येणारा ध्वनी ताडून पाहण्याची क्षमता विद्यार्थ्यात निर्माण व्हावी, अशी त्यांची अपेक्षा होती. यंत्र चालविणारा हात त्यांना अभिप्रेत होताच, पण त्या हाताला आज्ञा देणारा सुजाण कान त्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता.

ही कल्पना प्रत्यक्षात आली ती जर्मनीत. १९४९ मध्ये एरिख टीनहाउस यांनी डेटमोल्ड येथील संगीत अकादमीत टोनमाइस्टर शिक्षणाचा पाया घातला. 'टोनमाइस्टर' या संज्ञेचा शब्दशः अर्थ 'ध्वनीचा उस्ताद' असा करता येईल. हे शिक्षण तंत्रनिकेतनात सुरू न होता संगीताच्या अकादमीत सुरू झाले, यातच त्याची भूमिका स्पष्ट होते. पुढे १९७० मध्ये इंग्लंडमधील सरे विद्यापीठाने याच नावाने पदवी अभ्यासक्रम सुरू केला. गणित व भौतिकशास्त्र यांची तयारी आणि संगीताचे प्रत्यक्ष वादनकौशल्य या दोहोंची प्रवेशासाठी अपेक्षा, तसेच एक संपूर्ण वर्ष व्यावसायिक ध्वनिगृहात काम करण्याची तरतूद, ही त्याची वैशिष्ट्ये होती. गणित आणि गाणे ही दोन टोके एकाच विद्यार्थ्यात सांधण्याचा हा प्रयत्न होता.

आपल्याकडे या विषयाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९६० मध्ये पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत, चित्रपट प्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि ध्वनिमुद्रणाच्या गंभीर शिक्षणाची तेथे सोय झाली. या संस्थेचे माजी विद्यार्थी रेसुल पुकुट्टी यांना २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. या शिक्षणाची गुणवत्ता वादातीत आहे. परंतु त्याचे केंद्र स्वाभाविकपणे चित्रपट हे आहे. तेथे ध्वनीला प्रतिमेच्या संदर्भात अर्थ प्राप्त होतो. बैठक, कीर्तन, भजन वा लावणी यांचे स्वायत्त ध्वनिमुद्रण हा त्या शिक्षणाचा मध्यबिंदू असू शकत नाही.

दुसरे उदाहरण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने तेथे मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचे ध्वनिगृह उभे राहिले. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर प्रभृतींनी तेथे रचना केल्या. हे काम काही वर्षांतच थांबले आणि ध्वनिफिती अनेक दशके संग्रहात पडून राहिल्या. यंत्र आले, प्रतिभावान माणसेही आली, पण पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणारी अध्यापनपरंपरा उभी राहिली नाही. साधनांची खरेदी म्हणजे विषयाची स्थापना नव्हे, हा धडा या प्रसंगातून घेता येतो.

२. साधनांतील गृहीतके

ध्वनिमुद्रणाची साधने सांगीतिकदृष्ट्या तटस्थ असतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा लयीचा. प्रचलित संगणकीय प्रणालींत नवे काम उघडताच मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचे विभाजन समोर येणे हे सामान्य आहे. आब्लटन लाइव्ह या लोकप्रिय प्रणालीत गतीची किमान मर्यादा मिनिटाला २० ठोके अशी आहे. आता विलंबित एकतालातील ख्याल घेऊ. अतिविलंबित लयीत एक मात्रा चार ते पाच सेकंदांची असेल, तर १२ मात्रांचे आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचे होते आणि गती मिनिटाला १२ ते १५ मात्रा इतकी भरते. अर्थात ही लय त्या प्रणालीच्या मोजपट्टीबाहेर राहते. मात्रेचे चार भाग करून मोजणी केली की अडचण दूर होते, हे खरे. परंतु मात्रेचे असे विभाजन ठेक्यात मुळातच कसे भरलेले असते, हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे त्यालाच हा उपाय सुचेल. ज्याला ते ठाऊक नाही, तो गायकालाच लय वाढविण्याची सूचना करील. येथे यंत्राचे ज्ञान अपुरे पडते आणि तालाचे ज्ञान निर्णायक ठरते.

दुसरा मुद्दा स्वराचा. वाद्ये व संगणक यांच्यातील संवादासाठी १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या मिडी या संकेतपद्धतीत १२८ स्वरक्रमांक आहेत आणि त्यांची प्रचलित मांडणी सप्तकाच्या बारा समान भागांवर आधारलेली आहे. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. सेंट या परिमाणात तो सुमारे ३८६ येतो, तर समान विभाजनाच्या पट्टीवरचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर असतो. १४ सेंटचे हे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते, पण तानपुऱ्याच्या सान्निध्यात ते कानाला बोचते. मींड या पद्धतीत दर्शविता येत नाही, असे नाही. स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची सोय तिच्यात आहे. मात्र तेथे स्थिर स्वर आधी येतो आणि वळण ही त्याला जोडलेली पुरवणी असते. ज्या संगीतात कित्येकदा वळणातूनच स्वर आकाराला येतो, त्याच्या बाबतीत हा क्रम उलटा पडतो.

तिसरा मुद्दा 'दुरुस्ती'चा. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ऑटो-ट्यूनचे निर्माते अँडी हिल्डेब्रँड हे त्यापूर्वी तेलसाठ्यांच्या शोधासाठी भूकंपीय लहरींचे विश्लेषण करीत असत. ही प्रणाली गायकाचा स्वर हेरून त्याला निवडलेल्या पट्टीतील जवळच्या स्वरावर नेते. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार तिच्या कठोर योजनेखाली आला, तर आंदोलन हा तिच्या लेखी दोष ठरतो. त्याचप्रमाणे पार्श्वभूमीवरील सततचा ध्वनी पुसून टाकणाऱ्या प्रक्रियेला पंख्याची घरघर आणि तानपुऱ्याची आस यांतील भेद आपोआप कळत नाही. ब्रिज आणि तार यांच्यामध्ये सरकविलेल्या दोऱ्याने खुलणारी जवारी ही तानपुऱ्याची खूण होय. तिच्यामुळे तारेच्या कंपनांत अपेक्षित नसलेले स्वरांशही कसे उमटतात, याची मीमांसा सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच केली होती. ज्या गुणासाठी मिरजेचे कारागीर वाद्यावर हात फिरवीत बसतात, तो गुण एका कळीसरशी नाहीसा होऊ शकतो.

या गृहीतकांसाठी यंत्रनिर्मात्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या परिचयाच्या संगीतासाठी साधने घडविली. तंत्राने कलेला आकार देणे हेही नवे नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मिळत, म्हणून ख्यालाचे संक्षिप्त रूप घडले आणि अब्दुल करीम खाँसारख्या गायकांनी त्या मर्यादेतही उच्च कोटीची कला निर्माण केली. १९४८ नंतर दीर्घ मुद्रणाची तबकडी आली आणि विस्ताराला जागा मिळाली. मात्र त्या काळी मर्यादा उघड होती. गायकाला घड्याळ दिसत होते. आजच्या साधनांची मर्यादा सोयीच्या रूपाने येते, म्हणून ती लक्षात येत नाही.

पेटीच्या वादाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल होण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले. बंदी योग्य होती की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. परंतु पेटीचे ठरीव स्वर आपल्या संगीताला मानवतात काय, यावर संगीतज्ञांनी तीन दशके जाहीर वाद घातला. संगणकातील बारा समान स्वर मात्र अशा कोणत्याही वादाविना आपल्या वर्गांत स्थिरावले आहेत. विद्यापीठाचे काम वाद उपस्थित करणे हेही आहे, याचा विसर पडल्याचे हे लक्षण मानावे लागेल.

३. दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही सारी चिंता अभिजात संगीताची आहे आणि विद्यार्थ्यांचा ओढा चित्रपटगीते व लोकप्रिय संगीताकडे असतो. परंतु प्रश्न अभिजाततेपुरता नाही. ढोलकीच्या धुमावर दाब देऊन काढलेला घुमारा, मोकळ्या पटांगणात वाजणाऱ्या हलगीची धार, गोंधळातील संबळ आणि तुणतुणे यांचे नाते, या सर्वांना तयार नमुन्यांच्या संग्रहात एकाच ठोक्याचे रूप प्राप्त होते. आवाजाची चढउतार दाबून सपाट करणाऱ्या प्रक्रियेने हलगी जवळ येते, पण तिचे अंगण हरवते. किंबहुना लोकसंगीताचे नुकसान अधिक होते, कारण अभिजात संगीताला निदान ग्रंथांचा आणि संग्रहांचा आधार आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे. विद्यार्थ्याला ध्वनिगृहात काम मिळायचे तर त्याला प्रणाली चालविता आली पाहिजे. हा आक्षेप रास्त आहे आणि जेथे फी भरून शिकणारा विद्यार्थी सामान्य कुटुंबातील असतो, तेथे तो अधिकच गंभीरपणे घ्यावा लागतो. तथापि प्रणालीची ओळख देण्याचे काम खासगी प्रशिक्षणवर्ग कमी वेळात करतात. शिवाय प्रणालींच्या आवृत्त्या बदलत राहतात आणि आवाज वेगळे करणे, गोंगाट काढणे, पातळ्या जुळविणे ही कामे आता प्रणाली स्वतःहून करू लागल्या आहेत. अशा स्थितीत केवळ कळी दाबण्याचे कौशल्य घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचीच जागा सर्वांत आधी धोक्यात येते. काय ऐकावे, काय राखावे आणि काय गाळावे हे सकारण सांगू शकणारा विद्यार्थी अधिक काळ टिकेल. म्हणजे रोजगाराचा विचारही अखेर श्रवणाकडेच वळतो.

४. अभ्यासक्रमाविषयी सूचना

दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक अभ्यासक्रमाला एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ६० तास मिळतात. एवढ्या वेळात ध्वनिमुद्रक घडत नाही, हे आधी मान्य करावे. कान उघडू शकतो, एवढे उद्दिष्ट मात्र साध्य आहे. त्या दृष्टीने काही सूचना पुढीलप्रमाणे :

(१) आरंभीचे किमान एक तृतीयांश तास यंत्राविना असावेत. तानपुरा जुळविणे, जवारीचा फरक ओळखणे, निरनिराळ्या खोल्यांत एकच वाद्य ऐकून त्याचे वर्णन लिहिणे, यांचा त्यांत समावेश व्हावा.

(२) एकच बंदिश वा एकच लावणी मायक्रोफोनच्या दोन भिन्न जागांवरून मुद्रित करून दोन्हींची तुलनात्मक समीक्षा विद्यार्थ्याने लिहावी. मायक्रोफोनची जागा ठरविणे म्हणजे श्रोत्याची जागा ठरविणे होय, हे यातून उमजेल.

(३) परीक्षेत तयार ध्वनिफितीइतकेच महत्त्व निर्णयांच्या लेखी समर्थनाला द्यावे.

(४) अध्यापन संगीत आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांनी संयुक्तपणे करावे. आवर्तसंख्या आणि श्रुती यांची चर्चा एका फळ्यावर होऊ लागली, तर बहुविद्याशाखीयता ही संज्ञा परिपत्रकातून वर्गात येईल.

(५) प्रत्येक मुद्रणासोबत कलावंत, वाद्य, स्थळ, दिनांक आणि केलेल्या संस्कारांची मराठीत नोंद ठेवावी. दहा वर्षांत अशा नोंदींतून त्या परिसराचा एक प्रामाणिक ध्वनिसंग्रह उभा राहील.

निष्कर्ष

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशींना स्वरलिपीत बांधले, तेव्हा लिपीत काय उतरते आणि काय निसटते याची जाणीव ठेवून शिकविणारे गुरुजन भोवती होते. त्यामुळे लिपी हे साधन राहिले. ध्वनिमुद्रण हे लिपीहून कितीतरी समर्थ साधन आहे आणि म्हणूनच त्याच्या अध्यापनात अधिक सावधगिरी हवी. संगीत विभागांनी हा विषय तांत्रिक म्हणून दूर ठेवला, तर तो तंत्राच्याच हाती जाईल आणि पुढच्या पिढीला गांधार कोणता हे ठरवून देण्याचा अधिकार आपण न मागता सोडून दिलेला असेल. संगणक-कक्षाच्या मागणीपत्रात अजून तानपुऱ्याचा समावेश होत नाही. तो व्हावा, एवढ्या साध्या कृतीपासून या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाला खरा प्रारंभ होऊ शकेल.