लेन्स जुनी की नवी?

आपल्या मंडळातले फोटोग्राफीवेडे मित्र विचारतात, "रेंजफाइंडर कॅमेऱ्याला प्राइम लेन्स घ्यायची तर नवी की सेकंडहँड?" माझं उत्तर ठेच लागून आलेलं आहे.

१९५४ साली लायका एम-३ आला, तेव्हापासून लायकाच्या एम कॅमेऱ्यांचं माउंट बदललेलं नाही. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीची ५० मिमी सुमिक्रॉनही आजच्या बॉडीवर बसते आणि कोसिना कंपनीची नवी फोइग्टलेंडरही. जुनीची फोकस रिंग लोण्यासारखी फिरते. हुफूफच्या कैसरिया बाजारात, छताखालच्या मंद उजेडात तिचे फोटो देखणे येतात. बाहेरच्या रणरणत्या उन्हात मात्र जुन्या कोटिंगमुळे फोटोवर पांढुरकी झाक येते. तिथे नवी केव्हाही सरस.

पण खरी मेख वेगळीच आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. लेन्समधली बुरशी त्या खिडकीत दिसत नाही. मुंबईहून आणलेल्या जुन्या लेन्सने मी अल-कारा डोंगरापाशी आई-बाबांचे फोटो काढले. खिडकीत दोघं लख्ख दिसत होते. रोल धुऊन आला, तर सगळं धुक्यात! बाबांना पुन्हा इकडे येणं जमलं नाही.

तेव्हा जुनी जरूर घ्या, पण आरपार टॉर्च मारून बघा आणि एक रोल धुऊन पाहा. तेवढी सवड नसेल, तर चार पैसे जास्त मोजून नवीच घ्या. लेन्स परत मिळते, माणसं तशी पुन्हा समोर उभी राहतीलच असं नाही.