‘सेफ आहे’ म्हणजे कोणासाठी? बोटॉक्सवरचा एक आढावा वाचताना

पेठच्या माझ्या मामेबहिणीने विचारलं, "ताई, कपाळावरच्या आठ्यांचं इंजेक्शन सेफ असतं का गं?" म्हणून कॉक्रेनचा २०२१ चा आढावा उघडला. विषय बोटुलिनम टॉक्सिन आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. ६५ चाचण्या, १४,९१९ सहभागी. पद्धत शिकायला हा आढावा वाचाच. पण त्यातून "सेफ" हा निष्कर्ष काढायला मी कचरते.

पापणी खाली येण्यासारखे मोठे दुष्परिणाम प्लासिबोच्या ३.३६ पट, असा आकडा आहे. आपण पोरं इथेच फसतो. ३.३६ पट कशाच्या? समजा, मूळ प्रमाण हजारात एक असेल तर ते तीनच्या आसपास जातं. शंभरात एक असेल तर गोष्ट वेगळी. 'पट' दिसला की आधी मूळ प्रमाण शोधायचं. शिवाय या चाचण्या एक आठवडा ते एक वर्ष चालल्या. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, म्हणजे लोक ते वर्षानुवर्षं घेत राहतात.

माझा खरा आक्षेप मात्र आढावा वापरणाऱ्यांवर आहे. चाचणीत कुपी अस्सल असते, टोचणारा प्रशिक्षित असतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने ११ राज्यांतल्या २२ महिलांची नोंद केली. त्यातल्या ११ जणींना दवाखान्यात भरती करावं लागलं. सगळ्यांना परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्यांनी, किंवा घरी-स्पामध्ये टोचलं होतं. ही जोखीम त्या ६५ चाचण्यांच्या आकड्यात येणारच नाही, कारण तिथे ती आधीच वगळलेली आहे! बाह्य वैधता म्हणतात ती हीच.

बहिणीला मग एवढंच सांगितलं: पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. दिवस राहिलेत का, बाळ अंगावर पितंय का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू आहे का, हे आपणहून सांग. कुपी समोर उघडायला लाव आणि ब्रँड लिहून घे, कारण एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाबरोबर जुळत नाही.

आणि गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर थेट दवाखाना. हे तासाभरात होऊ शकतं, काही आठवड्यांनीही. तोवर ती नाशिकहून सावळघाट ओलांडून घरी परतलेली असेल, हा रकाना कुठल्याच चाचणीच्या तक्त्यात मला दिसला नाही.