रॉक मैफलींची ध्वनिमुद्रणे : तुलना आणि निकष

रॉक मैफलीच्या ध्वनिमुद्रणांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काहींत एकाच रात्रीची मैफल सलग असते, काहींत अनेक रात्रींतली निवडक गाणी एकत्र गुंफलेली असतात, तर काही श्रोत्यांनीच गर्दीत उभे राहून टिपलेली असतात. त्यांची तुलना करताना आवाजाची सफाई हा एकच निकष पुरत नाही. त्या रात्री वेगळे काय घडले आणि त्यातले किती मुद्रणात उतरले, हे पाहावे लागते. एकच राग एकाच गायकाकडून दोन मैफलींत किती निराळा उलगडतो, हे कॅसेटची देवघेव करत पडताळणाऱ्या महाराष्ट्रातील रसिकांना ही दृष्टी परकी नाही.

या तुलनेचा उत्तम नमुना म्हणजे ‘डीप पर्पल’ या बँडचा ‘मेड इन जपान’ हा आल्बम. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात दोन आणि टोकियोत एक अशा तीन रात्री मार्टिन बर्च यांनी मुद्रित केल्या आणि त्यांतून गाणी निवडली गेली. १९९३ मध्ये तीन सीडींच्या संचात या रात्रींचा बराचसा भाग उपलब्ध झाला. त्यामुळे एकाच गाण्यातली उत्स्फूर्त वादने कुठे लांबतात, कुठे आटोपतात, हे ताडून पाहता येते. याउलट ‘थिन लिझी’च्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’मध्ये स्टुडिओत नंतर किती भर घातली गेली, याबद्दल निर्माते टोनी विस्कॉन्टी आणि वादक यांच्या सांगण्यात मेळ नाही. संगीत म्हणून तो आल्बम जोरकसच आहे. त्या रात्रींचा पुरावा म्हणून मात्र तो जपून वापरावा लागतो.

मुंबईचे महत्त्वाचे उदाहरण ‘आयर्न मेडन’चे आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जगदौऱ्याचा प्रारंभ झाला. ‘फ्लाइट ६६६’ या २००९ च्या मुद्रणात ‘एसेस हाय’ हे गाणे त्याच मैफलीतले आहे. हेच गाणे त्यांच्या आधीच्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या मुद्रणात मार्च १९८५ च्या लाँग बीच येथील मैफलींतून घेतले आहे. तेव्हा गायक ब्रूस डिकिन्सन २६ वर्षांचे होते आणि गिटार दोन होत्या. मुंबईत ते ४९ वर्षांचे होते आणि गिटार तीन. वरच्या पट्टीतले ध्रुवपद गळा कसा पेलतो आणि तिसऱ्या गिटारीने गाण्याचा पोत कसा बदलतो, हे येथे समोरासमोर ऐकता येते. परंतु ‘फ्लाइट ६६६’मध्ये प्रत्येक गाणे निराळ्या शहरातले आहे. दौऱ्याचा नकाशा त्यातून मिळतो. एका रात्रीत मैफल कशी रंगत गेली, ते कळत नाही.

मुंबईलगतच्या पनवेलच्या श्रोत्यांसाठी मोठ्या मैफलींचे जवळचे ठिकाण म्हणजे हार्बर मार्गावर सहा स्थानके अलीकडे असलेल्या नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. तेथे १५ डिसेंबर २०१९ रोजी ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ व २१ तारखांना ‘कोल्डप्ले’ यांनी कार्यक्रम केले. ‘कोल्डप्ले’चा त्याच दौऱ्यातील २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवरून थेट प्रक्षेपित झाला. अशा प्रक्षेपणात गायन आणि वाद्ये स्वच्छ ऐकू येतात, गर्दीचा आवाज मिश्रणकार ठरवतो तेवढाच. फोनवरच्या मुद्रणात खर्ज फाटतो, आवाजाचे चढउतार यंत्रच दाबून टाकते. पण आसपासचे लोक कोणती ओळ उचलतात, ते मात्र नेमके उरते.

तुलना न्याय्य व्हायची तर दोन्ही मुद्रणांची पातळी आधी समान करावी, कारण मोठा आवाज उगाचच सरस वाटतो. कॅसेटची गती बदलली की सूरही सरकतो, म्हणून पट्टी तपासावी. मग लय, गाण्याची लांबी, उत्स्फूर्त भाग आणि श्रोत्यांचा सहभाग क्रमाने पाहावा.

आज टिपण्याची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. उणीव आहे ती सलगतेची आणि नोंदींची. तारीख, स्थळ, टिपणाऱ्याची जागा आणि नंतर केलेले फेरफार एवढे लिहून ठेवले, तर फोनवरचे विखुरलेले तुकडेही या कलेच्या इतिहासाचे भरवशाचे साधन ठरतील.